विषादयोग आणि मनाची चिकित्सा



पोळ्याचा दुसरा दिवस या मुलखात दोन ठिकाणी दोन प्रकारे साजरा होतो. नागपुरात काळी व पिवळी मारबत निघते. गावातील रोगराई, इडापिडा आणि दैन्य यांनी त्या मूर्तींबरोबर चालते व्हावे, असा लोक घोष करितात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव समोरासमोर उभे राहून गोटमार करितात. तिच्या मुळाशी दंतकथा आहे ती एका तरुणाची व एका तरुणीची. एक या तीरावरचा, दुसरी त्या तीरावरची. पळून जाताना दोघेही नदीच्या मध्यावर दगडांखाली मेली. म्हणजे जो उत्सव म्हणून गाजतो, त्याच्या तळाशी एक शोकच आहे. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या चरणी जातो, जखमींच्या डोक्याला टाके पडतात आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडतो.

परंतु या गोटमारीत आजवर अनेकांनी प्राण गमावले आहेत. ज्या घरातील माणूस त्या पात्रातून परत आले नाही, त्या घरी पुढच्या वर्षी ढोल वाजू लागले म्हणजे काय होत असेल, याचा विचार उत्सवाच्या गर्दीत सहसा होत नाही. मारबत वेशीबाहेर गेली, म्हणून त्या घराचे दुःख वेशीबाहेर जात नाही. ते चुलीपाशी बसून असते. शेजारीपाजारी येतात आणि चांगल्या हेतूने सांगतात, “आता रडू नये. देवाची इच्छा. मन घट्ट करावे.” तरुण मुलगा विहिरीत गेला, कापूस बुडाला, संत्र्याचा बाग वाळला, कर्त्या पुरुषाने विष घेतले, अशा प्रत्येक प्रसंगी तोच उपदेश, त्याच शब्दांत. आणि सांगणाऱ्याची समजूत अशी की, शास्त्रही हेच सांगते.

शास्त्र खरोखर हेच सांगते काय, हे नीट पाहिले पाहिजे.

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग आहे. विषादाला ‘योग’ म्हणावे ही गोष्ट पाठ करणाऱ्याच्या जिभेवरून सहज निसटून जाते. परंतु नाव देणाऱ्यांनी ते सहज दिले असेल असे वाटत नाही. त्या अध्यायात अर्जुनाचे गात्र गळते, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचा जळू लागते, गांडीव हातातून सरकते, मन भ्रमते. आजचा मानसोपचारतज्ज्ञ पराकोटीच्या भयाच्या वर्णनात हीच लक्षणे मोजील. या सगळ्या अध्यायात भगवंत बोलतात ते अवघे एक वाक्य, आणि तेही विषादाच्या आधीचे: जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढेच. पुढे अर्जुन बोलत राहतो आणि सारथी ऐकत राहतो. सैन्ये सज्ज आहेत, शंख वाजून गेले आहेत. तरीही कोणी त्याला मध्येच थांबवीत नाही.

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत प्रथम उत्तर देतात. ते उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपदेशासारखेच आहे: हे दौर्बल्य तुला शोभत नाही, ते टाक आणि ऊठ. श्रोत्यांनी पुढे काय होते ते ध्यानात घ्यावे. हा उपदेश लागू पडत नाही. साक्षात योगेश्वराच्या मुखातून आलेला असूनही लागू पडत नाही. अर्जुन पुन्हा आपले दुःख सांगतो. इंद्रिये शोषून टाकणारा हा शोक कशाने जाईल ते दिसत नाही, असे म्हणतो. मी लढणार नाही, असे सांगून गप्प बसतो. त्यानंतर, त्या मौनानंतर, खरी गीता सुरू होते. ‘मन घट्ट कर’ हे सांगणे गीतेत आहे. पण ते निष्फळ ठरलेले पहिले औषध म्हणून आहे. घराघरांतून मात्र तेवढेच उचलले गेले.

येथे एखादा पंडित आक्षेप घेईल की, त्याच उपदेशाच्या प्रारंभी ज्ञानी जन शोक करीत नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे. मग शोकाला जागा कोठे उरली? आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर मात्र महाभारताच्या पुढील पर्वात मिळते. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. गीता ऐकून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, आणि तोच अर्जुन पुत्रासाठी आक्रोश करितो. त्यावर गीता फुकट गेली, असे व्यास कोठेही सुचवीत नाहीत. भगवंत अर्जुनाचे सांत्वन करितात आणि नंतर सुभद्रेकडे जातात. त्या मातेचा विलाप द्रोणपर्वात विस्ताराने आला आहे. ज्ञान झाले म्हणजे डोळे कोरडे होतात, असे त्या ग्रंथाचे म्हणणे असते, तर ही प्रकरणे त्यात आली नसती.

महाराष्ट्राची संतपरंपराही या बाबतीत संकोची नाही. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली, तेव्हाचा निवृत्तिनाथांचा शोक नामदेवांनी समाधीच्या अभंगांत वर्णिला आहे. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे नुसते वडीलबंधू नव्हते; ते त्यांचे गुरू होते. गुरूच शिष्यासाठी रडतो आणि संप्रदाय ते रडणे झाकून ठेवीत नाही, कीर्तनातून गातो. रागाचीही तीच कथा. जनाबाई विठ्ठलावर रुसते, त्याला शिव्याही देते. १६२९ नंतरच्या दुष्काळात तुकोबांच्या घरी पत्नी व मुलगा गेला, असे परंपरा सांगते. त्यांच्या वाणीत देवाशी भांडण किती आहे, हे वाचकांस ठाऊक आहे. असे असता दुःखी माणसाच्या तोंडून ‘देवाने माझे वाटोळे केले’ एवढे शब्द निघाले की आसपासचे लोक कानांवर हात ठेवितात, हे नवल होय.

आता वैद्यकाकडे वळावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे तो वेगांसंबंधी. त्यात तेरा वेग असे सांगितले आहेत की, जे अडवून धरू नयेत. भूक, तहान, निद्रा, जांभई यांच्या ओळीत तेथे अश्रूही बसविले आहेत. अश्रू दाबल्याने पडसे, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, अरुची आणि भ्रम होतात, असे आचार्य सांगतात. त्यावर उपाय तीन: झोप, मद्य आणि प्रिय वाटणाऱ्या कथा. (मद्याचा उल्लेख ऐकून कित्येकांचे चेहरे खुलतील, पण दुःखावर ते एकच औषध गावोगावी अनुपानाशिवाय घेतले जाते आणि त्याने किती घरे बसली हे सर्वांना माहीत आहे. आजच्या काळी पहिले व तिसरे औषधच पुरेसे समजावे.)

त्याच अध्यायात थोड्याच पुढे दुसरी यादी येते: जे वेग आवरावेत त्यांची. मनाच्या वेगांत लोभ, भय, क्रोध, ईर्ष्या यांच्याबरोबर शोकाचेही नाव आहे. अश्रू अडवू नयेत आणि शोकाचा वेग आवरावा, ही दोन्ही वाक्ये एकाच अध्यायात! घाईने वाचणाऱ्यास हा विरोध वाटेल. वस्तुतः विरोध नाही. डोळ्यांतून येते ते देहाचे स्वाभाविक वाहणे आहे. त्याला वाट द्यावयाची. शोक किंवा क्रोध वेग घेऊन माणसाला ओढून नेऊ लागतो, हाताला कुऱ्हाड धरावयास किंवा पायाला विहिरीकडे वळावयास लावतो, तेव्हा तो आवरावयाचा. अभिमन्यूसाठी अर्जुन रडला, तेथपर्यंत कोणतीच हानी नव्हती. ‘उद्याच्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथ मेला नाही तर अग्निप्रवेश करीन’ ही प्रतिज्ञा झाली आणि सगळे पांडवसैन्य संकटात पडले. भावना आणि भावनेचा वेग या दोहोंतील हा भेद हाती लागला की, पुढचा मार्ग सोपा होतो. सोपा म्हणजे कळावयास, चालावयास नव्हे.

लोकव्यवहारात मात्र नेमके उलटे चालते. अश्रू अडविले जातात आणि वेग मोकाट सुटतो. पुरुषाने रडू नये, पण त्याने रागाच्या भरात बायकोवर हात टाकला तर ‘त्याला दुःखच तसे आहे’ असे म्हणून सोडून दिले जाते.

सौंसरजवळच्या जामसावळीस पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे स्थान आहे. तेथे मंगळवारी व शनिवारी दुरून माणसे येतात. त्यांत मनाने विस्कटलेल्यांना घेऊन आलेली कुटुंबेही असतात. या श्रद्धेची टवाळी करणे सोपे आहे, आणि शहरात शिकून आलेले ती करितातही. परंतु तेथे त्या कुटुंबाला काय मिळते ते पाहावे. घरी जी सून मोठ्याने रडली असता ‘लोक काय म्हणतील’ असा धाक घातला जातो, तिला तेथे कोणी गप्प करीत नाही. तिचे ओरडणे, घुमणे, केस मोकळे सोडणे याला तेथे जागा आहे. घरात जी जागा मिळाली नाही ती मारुतीच्या अंगणात मिळाली. पण संध्याकाळी मोटार धरून ते कुटुंब घरी परतते, आणि घरी पुन्हा तोच धाक.

चरकांनी चिकित्सा तीन प्रकारची मानिली आहे: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र, होम, प्रणिपात हा पहिला प्रकार. आहार व औषधांची योजना हा दुसरा. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हा तिसरा. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे आचार्य म्हणत नाहीत. म्हणून मारुतीपुढे नारळ फोडणाऱ्याने डॉक्टरांची गोळी बंद करावी, याला त्या शास्त्रात आधार नाही. देवस्थानाच्या आश्रयाने रुग्णाला साखळीने बांधून ठेवणे यालाही नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा बांधून ठेविलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जण त्यात गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास बंदी केली आहे.

आधुनिक मानसोपचारांत जे चालते ते या सत्त्वावजयाच्या फार दूर नाही. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजविली. विवेक म्हणताच लोकांस वाटते की, येथे भावनांना हद्दपार करावयाचे. एलिस यांचे सांगणे तसे नाही. दुःख, खंत, काळजी या भावना क्लेशदायक असल्या तरी निरोगी आहेत, असे ते मानीत. ज्याने उपचार व्हावयाचे ते खचणे, आत्मतिरस्कार आणि संताप. मुलगा गेला याचे दुःख राहणारच. ‘म्हणून जगण्यास मी नालायक’ हा निष्कर्ष तपासावयाचा.

उपचारास आरंभ केलेल्या माणसाच्या घरच्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. वर्षानुवर्षे दाबलेली भावना उघडी होऊ लागली की, पहिल्या काही भेटींत रडणे वाढू शकते, झोप बिघडू शकते, जुना राग वर येऊ शकतो. घरचे म्हणतात, “आधी बरा होता, तिथे जाऊन बिघडला,” आणि नागपूरची फेरी बंद होते. गळू फुटले म्हणजे पू दिसतो. तो वैद्याने घातलेला नसतो. ही गोष्ट लपवू नये, उपचार करणाऱ्याला सांगावी. त्याप्रमाणे तो गती कमी करील. मरणाचा विचार बोलून दाखविला गेला, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

शोकाला काळही द्यावा लागतो, आणि तो किती, याचे भान जुन्या विधींत होते. दहावा, तेरावा, मासिके, वर्षश्राद्ध, अशा पायऱ्या होत्या. पहिल्या दहा दिवसांत कोणी शोकाकुलाला कामास जुंपीत नसे. वर्षानंतर त्याने पुन्हा सणावारांत यावे अशी अपेक्षा असे. आता तीन दिवसांत सर्व उरकून नोकरीवर हजर होणे हा पुरुषार्थ समजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात प्रदीर्घ शोकाचा स्वतंत्र विकार म्हणून समावेश झाला आहे. त्यासाठी निदान सहा महिन्यांचा काळ आणि समाजाच्या रूढीहून अधिक लांबलेला शोक अशी अट आहे. म्हणजे तिसऱ्या महिन्यात रडणाऱ्या विधवेला रोगी ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांनीही स्वतःकडे घेतलेला नाही. तो गावाने घेऊ नये.

पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तरी मनाच्या दुखण्यासाठी येथील माणूस अजूनही नागपूरची वाट धरितो, जेथे मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. ज्याला तेवढे जमत नाही, त्याच्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य. शेजारच्या विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या छायेतील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला, त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना ऐकून घेण्याचे शिक्षण दिले गेले. खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आरंभी शेकडा सुमारे ४ होते, ते सुमारे २७ झाले. ते कार्यकर्ते मोठे पदवीधर नव्हते. दारात बसून विचारणारे आणि उत्तर पुरे होईपर्यंत न उठणारे होते.

लोकांच्या वागण्याने उद्विग्न झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहिली. तिने ताटी फोडली नाही आणि ती निघूनही गेली नाही. ती बोलत राहिली, आणि ताटी आतून उघडली.

यंदाही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या दोन्ही तीरांवर गर्दी होईल. त्या दुपारी ज्यांच्या घराचे दार लावलेले असेल, त्या दाराशी कोणी तरी जाऊन बसावे. चहा मागू नये, उपदेश करू नये. गेलेल्याचे नाव घ्यावे आणि तो कसा होता ते विचारावे. आचार्यांनी ज्यांना प्रिय कथा म्हटले, त्या बहुधा याच असाव्यात.