शहर कोणाच्या जमिनीवर?



१९७० साली सिडको निघाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी सरकारने घ्यायला काढल्या. घेणारे सरकार, भाव ठरवणारेही सरकार! (कापूस एकाधिकार आठवला ना?) जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी पडले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले.

हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकर विकलेच नाहीत. कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले, शहर स्वतः बांधले. त्यांच्या शेजारी पुणे होते. आमच्या कपाशी-ज्वारीच्या रानाशेजारी काय आहे? पण समृद्धी महामार्गालगत नवनगरे आखली गेलीच आहेत. तिथे आम्ही नुसता मोबदला नाही, भागभांडवलात वाटा मागणार आहोत.