यात्रेकरूचे पाय : निगा आणि उपचार
(व्याख्यानाचा मजकूर)



सम्मेद शिखरजीची चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून सुमारे २७ किलोमीटरची वाट होते. शत्रुंजयावर जाण्यासाठी साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. यात्रेची तिथी, गाडीचे आरक्षण, धर्मशाळेतील खोली, सोबतचा शिधा या सर्वांचा विचार महिनोन्‌महिने आधी होतो. परंतु ज्यांच्या बळावर ही यात्रा घडावयाची, त्या पावलांची तयारी मात्र क्वचितच कोणी करतो. वर्षभर पेढीवर किंवा कार्यालयात बैठे काम करणारा गृहस्थ एका पहाटे अनवाणी पर्वत चढू लागतो आणि परतताना टाच धरून बसतो.

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात. त्यांना अस्थिबंधांनी जखडलेले असते. तळपायाची कमान एका जाड पट्ट्याने तोललेली असते, तर पोटरीचे बळ टाचेमागील कंडरा पावलापर्यंत पोहोचवते. या सर्व ऊती भार पेलण्यास शिकतात, परंतु हळूहळू. बहुतेक दुखण्यांचे मूळ चालण्यात नसून एकाएकी वाढवलेल्या चालण्यात असते. म्हणून यात्रेपूर्वी किमान आठ-दहा आठवडे रोजचे चालणे थोडे थोडे वाढवावे, जिने चढण्याचा व विशेषतः उतरण्याचा सराव ठेवावा. अनवाणी चालावयाचे असल्यास तोही सराव काही मिनिटांपासून सुरू करावा.

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेत कळ आणते आणि चार पावलांनंतर ती ओसरते, हे तळपायाच्या पट्ट्याचे दुखणे होय. क्ष-किरण चित्रात ‘टाचेचे हाड वाढले’ असे दिसले की अनेकजण घाबरतात. वस्तुतः असे वाढलेले हाड मुळीच न दुखणाऱ्या टाचांतही आढळते. उपाय साधा आहे. पाय जमिनीवर टेकण्यापूर्वीच तो दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत, दहा अंक मोजेपर्यंत धरावीत आणि असे दहा वेळा करावे. घरातील कडक फरशीवर मऊ चपला वापराव्यात. बहुतेकांना शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो, मात्र त्यास काही महिने लागतात.

टाचेमागील कंडरा दुखत असल्यास पायरीचाच उपयोग होतो. स्वीडनमधील डॉ. हाकान आल्फ्रेडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक व्यायामक्रम प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दोन्ही पायांनी टाचा उचलावयाच्या व दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यावयाची. १५ वेळांची तीन आवर्तने, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. मात्र मागून कोणी फटका मारल्यासारखे वाटून चवड्यांवर उभे राहता येईनासे झाले, तर कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उतरताना पाय मुरगळणे ही नित्याची गोष्ट. अशा वेळी चोळणे किंवा ओढून ‘बसवून घेणे’ यामुळे इजा वाढते. हाड मोडले आहे काय, हे ताडण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली काही नियम प्रसिद्ध केले. घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या उंचवट्याच्या मागील कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखते, अथवा चार पावलेही टाकता येत नाहीत, तर क्ष-किरण तपासणी करावी. पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावरचे हाड दुखत असेल तरीही करावी. हाड शाबूत असल्यास पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ वेदनाशमनापुरता लावावा. पूर्वी संपूर्ण विश्रांतीवर भर असे. आता सोसवेल तशी लवकर हालचाल हितकर मानतात. सूज ओसरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम अवश्य करावा. तो टाळल्यास तोच घोटा पुनःपुन्हा मुरगळतो.

पावलाच्या एकाच हाडावर बोट ठेवता येईल अशी वेदना चालण्याने वाढत असेल, तर सूक्ष्म तडा संभवतो. आरंभीच्या क्ष-किरण चित्रात तो पुष्कळदा दिसत नाही. म्हणून चित्र निर्दोष आले तरी वेदना अंगावर काढू नये.

आता सर्वांत गंभीर विषय. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पावलांची संवेदना मंदावते. तापलेल्या दगडाचा चटका, रुतलेला खडा, फुटलेला फोड त्यांना जाणवत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमावण्याची पाळी येते. अशांनी अनवाणी चालू नये, असेच वैद्यकशास्त्र सांगते. केवळ मोज्यांनी पुरेसे रक्षण होत नाही. गुरुमहाराजांचा विचार घेऊन कातडे नसलेले, जाड तळाचे कापडी बूट वापरावेत किंवा डोलीचा आश्रय घ्यावा. रोज रात्री आरशात तळवे पाहावेत, बोटांमधील ओल टिपावी, भोवरी पात्याने कापू नये व ऊन पाण्यात पाय बुडवू नयेत.

साधू-साध्वींचा विहार तर आजन्म अनवाणी असतो. त्यांच्या मर्यादेत राहूनही श्रावकांना बरेच करता येते. ऊन तापण्यापूर्वीच पूर्ण होतील असे टप्पे आखण्यास साहाय्य करावे, डांबरी रस्त्याऐवजी मातीची वाट सुचवावी, मुक्कामी पावलांच्या तपासणीची व्यवस्था ठेवावी. वैयावृत्त्यात याचाही समावेश व्हावा.

स्वेच्छेने स्वीकारलेले कष्ट हे तप. दुर्लक्षाने ओढवलेले दुखणे मात्र तप नव्हे. ज्या पायांनी या वर्षी वंदना केली, त्याच पायांनी ती पुढील वर्षीही घडावी, एवढी काळजी प्रत्येक यात्रेकरूने घ्यावी.