मांजर आणि जुना कॅमेरा

दिल्लीच्या चांदणी चौकात कूचा चौधरी हा कॅमेऱ्यांचा बाजार आहे. तेथून जुना डिजिटल कॅमेरा आणून घरच्या मांजरासमोर धरला की त्याचा दोष उघडा पडतो. बटण दाबल्यावर तो क्षणभर रेंगाळतो, आणि मांजर काही थांबत नाही. फ्लॅश उडवावा, तर मांजराच्या डोळ्यातील पडद्यामागचा चकचकीत थर प्रकाश परतवतो. चित्रात नजर न उतरता दोन दिवे तेवढे उमटतात. यावर उपाय साधा आहे. हिवाळी उन्हाची खिडकी पाहावी, मांजराच्या उंचीवर बसावे, बटण अर्धे दाबून फोकस आधीच साधावा आणि वाट पाहावी. यंत्र मंद असले की माणसाला पुढची हालचाल आधी ओळखावी लागते. मांजराचे आयुष्य साधारण १२-१५ वर्षांचे. त्याची खरी नजर टिपणारे चित्र बहुधा घरच्याच माणसाच्या हातून निघते.