निद्रेंतून उठलेलें यंत्र

लॅपटॉपचें झांकण मिटलें कीं तो झोपीं जातो आणि झांकण उघडलें कीं जागा होतो, हा अनुभव आतां घरोघरचा झाला आहे. परंतु कित्येकदां संगणक जागा होतो आणि त्याचा एखादा अवयव मात्र झोपलेलाच राहतो. पडदा काळाच राहतो, आवाज उमटत नाहीं, वायफाय सांपडत नाहीं, किंवा टचपॅडवर बोट फिरविलें तरी बाण जागचा हालत नाहीं. मालक कंटाळून संगणक बंद करतो व पुन्हां सुरू करतो. मग सर्व सुरळीत चालूं लागतें. पण साठवून न ठेवलेलें लिखाण तेवढें नाहींसें होतें. असें चार वेळां झालें म्हणजे यंत्रच बिघडलें असा समज होतो आणि चांगलें यंत्र मोडींत निघतें. वास्तविक पुष्कळदां दोष यंत्राचा नसून, त्या अवयवाला चालविणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नांवाच्या आज्ञावलीचा असतो. तो कसा उत्पन्न होतो व कसा शोधून काढतात, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम या झोपेचें स्वरूप लक्षांत घेतलें पाहिजे. ‘सस्पेंड’ या क्रियेच्या नेहमींच्या प्रकारांत संगणकाच्या मेमरीला थोडी वीज मिळत राहते, म्हणून तिच्यांतील मजकूर कायम राहतो. इतर बहुतेक अवयवांची वीज मात्र तोडली जाऊं शकते. प्रत्येक अवयवाच्या पोटांत ‘रजिस्टर’ नांवाचे लहान कप्पे असतात. कोणत्या गतीनें चालावें, माहिती कोठें ठेवावी, काम झाल्याची वर्दी कशी द्यावी, हें त्या कप्प्यांत लिहिलेलें असतें. वीज गेली कीं तें पुसलें जातें. शाळेंतील मुलाची वही दप्तरांत सुरक्षित असावी, पण पाटी पुसली जावी, तसाच हा प्रकार होय. मेमरी ही वही आणि रजिस्टर ही पाटी. ड्रायव्हर जागा होतो, ‘सर्व मांडणी झालेली आहे’ असें वहींत वाचतो, आणि कोऱ्या पाटीवर अर्धें राहिलेलें गणित पुढें सोडवूं लागतो. या विसंगतींतूनच असे पुष्कळ दोष जन्मास येतात.

ड्रायव्हर लिहिणारा कुशल असूनही ही चूक राहते, याचें कारण उघड आहे. कांहीं लॅपटॉपांत झोपेंतही त्या अवयवाची वीज चालूच असते. कांहींत मूळ पटावरील फर्मवेअर जागृतीच्या वेळीं थोडी मांडणी स्वतःच करून देतें. अशा यंत्रावर पाटी पुसली जात नाहीं, आणि ड्रायव्हर निर्दोष भासतो. दुसऱ्या यंत्रावर तोच ड्रायव्हर तोंडघशीं पडतो.

दुसरें कारण क्रमाचें आहे. घरांत लेंकरें आधीं निजतात आणि आई त्यांच्या आधीं उठते. संगणकांतही तोच नियम आहे. यूएसबीच्या नियंत्रकाला जोडलेला कॅमेरा आधीं झोपला पाहिजे, आणि जागें होतांना नियंत्रक आधीं उठला पाहिजे. एका अवयवाचें दुसऱ्यावर असलेलें अवलंबन ड्रायव्हरनें सांगितलेंच नसेल, तर तो न उठलेल्या आईला हांका मारीत बसतो. पीसीआय जातीच्या अवयवाला वीज नसतांना त्याचें रजिस्टर वाचलें, तर बहुधा सर्व अंक 1 असेच येतात. असें उत्तर आलें म्हणजे तें खरें न मानतां, अवयव अद्याप जागाच झालेला नाहीं असें समजावें.

आतां शोधाची रीत पाहूं. पहिली कसोटी अगदीं साधी आहे. जागृतीनंतर बिघडलेला ड्रायव्हर काढून पुन्हां चढवावा. तेवढ्यानें अवयव चालूं लागला, तर प्रथम चढतांना ड्रायव्हर जें करतो त्यांतील कांहीं तरी जागृतीच्या वेळीं करावयाचें राहून जातें, असा बळकट संशय घेतां येतो. लिनक्सच्या कर्नलमध्यें याहून बारीक चाचणीची सोय आहे. ‘पीएम-टेस्ट’ या सोयीनें झोपेच्या पांच पायऱ्यांपैकीं हवी तेथपर्यंतच जाऊन, पांच सेकंद थांबून परत येतां येतें. त्यांत वीज प्रत्यक्ष तोडली जात नाहीं. यास्तव येथेंच अडलें तर ड्रायव्हरचा क्रम किंवा तर्क तपासावा. येथें सर्व पार पडून खऱ्या झोपेनंतर मात्र अडलें, तर पुसलेल्या पाटीकडे किंवा फर्मवेअरकडे वळावें.

परंतु सगळा संगणकच जागृतीच्या वाटेवर थिजला तर? पडदा काळा, कळा निर्जीव. तक्रार तरी कोठें लिहावयाची? या अडचणीवर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीं 2006 सालीं मोठी मार्मिक युक्ति काढली. संगणकांत बॅटरीवर चालणारें एक घड्याळ असतें, आणि बळेंच बंद करून पुन्हां चालू केल्यावरही त्याची नोंद टिकते. ‘पीएम-ट्रेस’ ही सोय प्रत्येक अवयवाला उठवितांना त्याच्या नांवावरून काढलेला अंक त्या घड्याळांत वर्ष, महिना, दिवस, तास व मिनिटें यांच्या रूपानें लिहून ठेवते. एकूण 1,61,28,000 निरनिराळे अंक त्यांत मावतात. संगणक थिजला तर तीन मिनिटांच्या आंत पुन्हां सुरू करावा लागतो, नाहीं तर घड्याळ पुढें सरकून खूण पुसली जाते. पुढच्या वेळीं कर्नल तो अंक वाचून जुळणाऱ्या अवयवाचें नांव सांगतो. दोन नांवांचा अंक एकच निघूं शकतो, म्हणून ही साक्ष पडताळून घ्यावी लागते; घड्याळही मागाहून नीट लावावें लागतें.

दोष सांपडल्यावर एक मोह टाळणें अवश्य आहे. ‘अर्धा सेकंद थांबा’ अशी ओळ ड्रायव्हरमध्यें घातली, तर पुष्कळदां काम भागल्यासारखें दिसतें. परंतु अवयवाच्या माहितीपत्रकांत तेवढा अवधि सांगितला नसेल, तर ती ओळ म्हणजे दुखण्यावर घातलेलें पांघरूण होय. मंद यंत्रावर किंवा थंडीच्या सकाळीं दुखणें पुन्हां उलटतें. खरा उपाय असा कीं, अवयव तयार आहे काय हें त्यालाच विचारावें, आणि पाटीवर पूर्वीं जें जें लिहिलें होतें तें तें वहींत पाहून पुन्हां लिहावें. नंतर ‘आरटीसी-वेक’ या साधनानें यंत्राला शंभर वेळां निजवावें व उठवावें. कारण हे दोष दहांत एकदां उद्भवणारे असतात. एका यशावरून निर्णय करणें घाईचें होतें.

अशी एक दुरुस्ती कर्नलमध्यें रीतसर गेली, म्हणजे तोच अवयव असलेल्या दूरदूरच्या अनोळखी लोकांचीं यंत्रेंही नीट जागीं होऊं लागतात. त्यांना दुरुस्त करणाऱ्याचें नांवही ठाऊक नसतें. ते केवळ झांकण उघडतात, आणि काल जेथें वाक्य सोडलें होतें तेथूनच पुढें लिहूं लागतात.