शुश्रूषा म्हणजे आधी ऐकणं

रेडिओजवळ बसलेल्या दादांनो, काकांनो, आजचं बोलणं तुमच्यासाठीसुद्धा आहे, तेव्हा उठून जाऊ नका.

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी दवाखान्यात सिस्टरांना फुलं देतात, ती द्यायलाच हवीत. पण आपल्या गावात शुश्रूषा काही फक्त दवाखान्यात होत नाही. अर्धांगवायू झालेले सासरे, मांडीचं हाड मोडलेली आत्या, शेवटच्या दिवसांतली आई, यांची शुश्रूषा घरातच होते. ती करणारीला कुणी सिस्टर म्हणत नाही आणि तिला सुट्टीही नसते.

आमच्या गटाच्या एका बैठकीला उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की नर्सिंग शिकताना मुलींना एक गोष्ट लिहायला लावतात : शुश्रूषेबद्दल तुम्ही स्वतः काय मानता? आजारी माणूस तुमच्या लेखी कोण आहे? त्याच्यासाठी तुम्ही काय कराल, काय करणार नाही? आमच्यातली एक जण लगेच म्हणाली, "अहो सिस्टर, हागणं-मुतणं काढायचं, त्यात काय मानायचं?" सिस्टर म्हणाल्या, "रात्री दोन वाजता, कुणी बघत नसताना, तू उठशील का आणि उठलीस तर कशी वागशील, ते तू काय मानतेस त्यावरच ठरतं."

मग आम्हीही आमचं लिहायचं ठरवलं. पुढच्या काही बैठकांत बचतीचा हिशेब झाला, की तासभर यावर बोलायचो. त्यातून पाच वाक्यं तयार झाली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं वाक्य : आधी विचारायचं, मग करायचं.

शुश्रूषा हा शब्द मुळात संस्कृत. त्याचा पहिला अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा करणं हा अर्थ त्यातून पुढे आला. म्हणजे जिला ऐकायचं आहे, तीच शुश्रूषा करू शकते. आपण मात्र आजारी माणसाच्या अंगावरून बोलतो. "आज खाल्लं का हिनं?" असं त्यांच्यासमोरच दुसऱ्याला विचारतो. पाणी किती गरम हवं, खाट कुठल्या तोंडाला हवी, दिवा चालू ठेवायचा की बंद, हे त्यांनाच विचारायचं. बोलता येत नसेल, तर हाताच्या दाबाने, पापणीच्या खुणेने उत्तर घेता येतं. एका घरातल्या आजोबांना खाट आतल्या खोलीत नको होती, दाराशी हवी होती. येणारं-जाणारं माणूस दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. खाट दाराशी आणली, आणि नको नको म्हणणारे आजोबा दोन घास जास्त जेवू लागले.

दुसरं वाक्य : त्यांना जमतं ते त्यांना करू द्यायचं.

अमेरिकेत व्हर्जिनिया हेंडरसन नावाच्या मोठ्या परिचारिका होऊन गेल्या. त्यांचं सांगणं थोडक्यात असं : अंगात ताकद असती, मनात उमेद असती, माहिती असती, तर माणसाने जे स्वतःच केलं असतं, तेवढ्यात त्याला मदत करायची. आणि तीही अशी, की त्याला लवकरात लवकर आपली गरज उरू नये. आमच्या बायकांना हे फार पटलं आणि अवघडही वाटलं. कारण भरवलं तर दहा मिनिटांत आटपतं, त्यांच्या हाताने जेवू दिलं तर पाऊण तास जातो आणि चादरीवर सांडतं. पण एक हात चालतो ना? मग भाकरी कुस्करून द्या, वाटी जड बुडाची द्या, घास त्यांचा त्यांना घेऊ द्या. फक्त एवढं पाहा : जेवताना पाठ उभी हवी, आडवं असताना घास-पाणी द्यायचं नाही आणि जेवणानंतर अर्धा तास तरी तसंच बसतं ठेवायचं. नाहीतर घास श्वासनलिकेत जायची भीती असते.

यातच लाजेचाही विचार आला. अंग पुसताना दार लोटून घ्यायचं. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. आणि हात लावण्याआधी सांगायचं, "आता पाठ पुसते हं." माणूस आजारी पडला म्हणून त्याची लाज संपत नाही.

तिसरं वाक्य : माया हातातून दिसली पाहिजे.

तोंडाने कितीही गोड बोललं, तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ खरं सांगते. एकाच कुशीवर पडून राहिलं, की हाडाच्या जागी रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. माकडहाड, नितंब, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज पाहायच्या. लाल चट्टा दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही तो फिका झाला नाही, तर ती जखमेची सुरुवात समजायची. बऱ्याच घरांत तिथे तेल लावून चोळतात. चोळू नका, त्याने आतली कातडी आणखी फाटते. त्या जागेवरचा भार काढायचा आणि सिस्टरांना दाखवायचं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती नको, ओल नको. सरकवताना ओढायचं नाही. जुनी सुती साडी घडी करून अंगाखाली घालायची आणि दोघांनी दोन्हीकडून उचलून सरकवायचं.

हे होऊ शकतं का, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्यासाठी दयामरण मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. तेव्हा त्यांना तपासलेल्या डॉक्टरांनी नोंदवलं, की इतकी वर्षं पडून असूनही त्यांना एकही शय्याव्रण झालेला नाही. मासे, चिकन सूप असं आवडीचं काही दिलं की त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं, हेही तिथे सांगितलं गेलं. मार्च २०११ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. अशा स्थितीत माणसाला जगवत ठेवावं की नाही, यावर आमच्या बैठकीतही दोन मतं पडली आणि ती दोन्ही आम्ही तशीच राहू दिली. पण एका गोष्टीवर सगळ्या एक झालो. बरं होण्याची आशा नसतानाही करण्यासारखं पुष्कळ उरतं. जखम होऊ न देणं, आवडीची चव जिभेला लावणं, ही कामं शेवटच्या दिवसापर्यंत संपत नाहीत.

चौथं वाक्य : आपल्याला काय येत नाही, हे ओळखायचं.

नाइटिंगेल बाईंना आपण हातात दिवा घेतलेल्या बाई म्हणून ओळखतो. पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरतात, हे त्यांनी पुढे आकडे मांडून सरकारला दाखवलं. १८६० मध्ये त्यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. म्हणजे नुसती माया पुरत नाही, नोंद लागते आणि शिक्षण लागतं. आपणही खाटेजवळ एक वही ठेवू शकतो : औषध किती वाजता दिलं, लघवी किती वेळा झाली, ताप किती होता. बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. आणि अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता १०८ ला फोन लावायचा. आपल्याच्याने होणार नाही म्हणून वेळेवर पुढे पाठवणं, हीसुद्धा शुश्रूषाच.

पाचवं वाक्य : करणारीसुद्धा माणूस आहे.

या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. काही जणी म्हणाल्या, "हे लिहायचं म्हणजे आपण सेवेला कंटाळलो असं होईल." मैत्रिणींनो, सेवा हा बाईचा धर्मच, असं म्हणून आपल्याकडे तिला एकटीला खाटेला बांधून टाकतात. रमाबाई रानडे यांनी हेच वेगळ्या तऱ्हेने पाहिलं. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावायचा नाही, असं म्हणणारा तो काळ. त्या काळात सेवासदनाने विधवांना आणि इतर स्त्रियांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. त्यातून त्यांना मान मिळाला आणि स्वतःची कमाईही. शुश्रूषा हे शिकून करायचं काम आहे, हे त्यातून दिसलं. आणि जे शिकता येतं, ते मुलगाही शिकू शकतो, नवराही शिकू शकतो.

म्हणून आमच्या गटांत आता पाळी लावली आहे. ज्या घरी रोगी आहे, तिथे आठवड्यातून एक दुपार दुसरी मैत्रीण जाऊन बसते. त्या वेळात घरची बाई झोपते, डोक्यावरून पाणी घेते, नाहीतर नुसती ओट्यावर बसते. आणि रात्रीची एक कूस घरातल्या पुरुषाने बदलायची, हे आम्ही घरोघरी बोलून ठरवतो. सगळीकडे जमलेलं नाही. काही घरांत अजून "बायकांचं काम" हेच ऐकायला मिळतं. पण जिथे मुलाने बापाची पाठ पुसायला सुरुवात केली, तिथे बापालाही ते सोपं गेलं. सुनेपुढे जी लाज वाटायची, ती मुलापुढे वाटली नाही.

ही झाली आमची पाच वाक्यं. ती तशीच्या तशी घेऊ नका. तुमच्या घरात कोण आजारी आहे, तुमचे हात किती मोकळे आहेत, तुम्हाला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे पाहून तुमचं स्वतःचं एक वाक्य तरी करा. लिहिता येत नसेल, तर नातवंडाकडून लिहून घ्या. मग ते घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. ज्यांच्यासाठी ते लिहिलं, त्यांच्यासमोर तर नक्की वाचा आणि विचारा, "हे बरोबर आहे का? काही राहिलं का?"

येत्या बैठकीला ते वाक्य घेऊन या. उपकेंद्रातल्या सिस्टर त्या दिवशी येणार आहेत. जुन्या साडीने माणूस कसा उचलायचा, ते त्या करून दाखवतील. येताना एक जुनी सुती साडी आणा आणि जमलं तर घरातल्या एका पुरुषालाही घेऊन या.