काचेआडचा संगणक



मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हल्ली काचेच्या कॅबिनेटमधले संगणक ओळीनं मांडलेले दिसतात. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण संगणक घ्यायला आलेला कुणी त्या नावानं पत्ता विचारत नाही.) आत लाल-निळे पंखे फिरत असतात आणि खाली चिठ्ठी असते : 'आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, आरटीएक्स कार्ड. गेमिंग अँड एडिटिंग पीसी.' किंमत लाखाच्या अलीकडे-पलीकडे. अशा चिठ्ठ्या पुण्या-कोल्हापुरातही दिसतात आणि मोबाइलवरही. आज मला बोलायचं आहे ते या चिठ्ठीत जे लिहिलेलं नसतं त्याविषयी. कारण स्वस्त तयार संगणकातली काटकसर बहुतेकदा तिथेच झालेली असते.

मी कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण नव्वदच्या दशकात पोटासाठी काही वर्षं डीटीपी केलं, तेव्हापासून कॅबिनेट उघडून पाहायची खोड लागली ती लागलीच. त्यामुळे घराण्यात कुणालाही संगणक घ्यायचा झाला की निरोप मला येतो. गेल्या वर्षी आपाची भिशी लागली. ऐंशी हजार. भाचा लग्नांचं शूटिंग करतो. हळद असो की वलीमा, येईल ते काम घेतो. आजवर एडिटिंग दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घ्यायचा. त्याला स्वतःचं मशीन हवं होतं. रात्री गेमही खेळायचे होते, ते त्यानं जरा हळूच सांगितलं. "मामू, एकच मशीन दोन्ही करेल ना?"

करेल. पण ही दोन कामं संगणकाकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

खेळाचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहून अधिक वेळा नव्यानं काढायचं, हे त्याचं काम. त्यासाठी कार्डाची स्वतःची मेमरी असते, आणि चिठ्ठीत ती अनेकदा गाळलेली असते. २०२५मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबीतही मिळतं आणि १६ जीबीतही. नाव एकच! नव्या खेळांना चित्राचा दर्जा वर ठेवला तर ८ जीबी तोकडी पडू लागली आहे. एडिटिंगलाही जास्तीची मेमरी वाया जात नाही.

एडिटिंगची भूक निराळी. फोरके चित्रीकरण १०० मेगाबिटच्या वेगानं केलं, तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे प्रत्येकी पाच तास चालले की एका लग्नाचे ४५० जीबी. तयार संगणकात बहुधा ५१२ जीबीची एसएसडी असते. म्हणजे एका लग्नातच घर भरलं. चालू कामाला १ टीबी एसएसडी आणि झालेल्या कामाला वेगळी हार्ड डिस्क हवी. शिवाय एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर, कारण डिस्क गेली म्हणून नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर उभं करता येत नाही.

रॅम खेळाला १६ जीबी चालते, फोरके एडिटिंगला ३२ असावी. ती एका पट्टीत नको, दोन पट्ट्यांत हवी. दोन्हींतून एकाच वेळी माहितीची ये-जा होते. तयार संगणकात पुष्कळदा एकच पट्टी लावलेली असते. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. तेव्हा 'रॅम नंतर वाढवू' या भरवशावर राहू नका.

आता एका अक्षराची गोष्ट. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. खेळाला काही बिघडत नाही, चार पैसे वाचतात. पण कॅमेऱ्याच्या दाबून बसवलेल्या फायली झरझर उलगडणारी 'क्विक सिंक' ही सोय त्या ग्राफिक्सबरोबरच जाते. प्रीमिअर ही सोय चांगली वापरतं. दा विंची रिझॉल्व्हचा भर ग्राफिक्स कार्डावर अधिक. म्हणून मी भाच्याला आधी विचारलं, सॉफ्टवेअर कोणतं? तो म्हणाला, प्रीमिअर. मग 'एफ'वर काट.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे पॉवर सप्लाय. मतला झकास आणि पुढचे शेर भरतीचे, अशी गझल मुशायऱ्यात एखाद्या रात्री खपून जाते. संगणकात भरतीचा पॉवर सप्लाय खपत नाही. तो जळताना कधी कधी कार्डालाही सोबत नेतो. '५०० वॉट' एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. कंपनी आणि मॉडेल विचारा. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. पण तोही नसेल तर पुढे बोलूच नये.

भाच्याबरोबर मी दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात सगळ्या भागांची मॉडेल नंबरांसह यादी मागितली. "सगळं ब्रँडेडच आहे, चाचा," एवढंच उत्तर. यादी काही लिहून देईनात. आम्ही उठलो. पुढच्या गल्लीतल्या दुकानदारानं ती बिलाच्या पाठीवर लिहून दिली, एकाऐवजी दोन पट्ट्या लावल्या आणि दिव्यांचे पंखे काढून साधे बसवले. भाचा थोडा हिरमुसला. पण त्या पैशात पॉवर सप्लाय चांगला आला.

मोठ्या कंपनीचा बंद संच घ्यावा का? काही कंपन्यांचे मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचे असतात. पुढे बाजारातला भाग बसत नाही. उलट, दुकानात जोडलेल्या संचात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, म्हणून बिघाडाला दुकानदार जवळ हवा. मोठ्या शहरात राहणाऱ्यानं यादी पाहून जोडलेला घ्यावा, असं माझं मत. जवळ दुरुस्ती करणारा नसेल, तर घरी येऊन दुरुस्त करणाऱ्या कंपनीला चार पैसे जास्त द्यावेत.

विंडोज परवान्याचं आहे का, तेही पाहा. आणि यूपीएस विसरू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. खेळ ऐन रंगात असताना कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्यापुढे जाऊ शकतात, आणि मग वीज गेली की यूपीएस असूनही पडदा काळा. १००० व्हीएचा घ्या. पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास एखादा जड खेळ चालवायला लावा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय यांचे सीरियल नंबर पक्क्या बिलावर उतरवून घ्या.