मागून आणलेला ट्रॅक्टर आणि विम्याचा कागद

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलून झालं. आता थोडा वेळ आम्ही एका कागदावर बोलणार आहोत. हा कागद इथल्या पुष्कळ घरांत आहे, पण तो वाचलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. ट्रॅक्टरच्या सीटखाली, मोटारसायकलच्या डिकीत, नाहीतर कर्ज देणाऱ्या बँकेच्या फायलीत तो पडलेला असतो. विम्याचा कागद.

कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार एकट्याच्या अवजारांवर कधीच चालला नाही. एक बैल याचा, एक बैल त्याचा, आणि सावडीने दोघांची वखरणी. हे आपल्या बापजाद्यांनी केलं. सावडीतला बैल कोणाला शिंग मारून गेला तर गावातली चार माणसं बसायची आणि निवाडा व्हायचा. आज बैल गेले, ट्रॅक्टर आला. सावडीची रीत मात्र राहिली. "दादा, जरा ट्रॅक्टर द्या, कापूस जिनिंगला टाकून येतो." दादा चावी देतो. भाडं घेत नाही, डिझेल तेवढं भरायला सांगतो. या रीतीचा आम्हाला अभिमान आहे. पण आता निवाडा गावातली चार माणसं करत नाहीत. तो जिल्ह्याच्या कोर्टात होतो, आणि तिथे चावी कोणी दिली, कोणाला दिली, कशासाठी दिली हे कागदावर पाहिलं जातं.

आमच्याच तालुक्यातली गोष्ट आहे. गावाचं आणि माणसाचं नाव घेत नाही, कारण ती माणसं आपलीच आहेत. एकाने शेजाऱ्याला ट्रॅक्टर आणि ट्रॉली दिली. शेजाऱ्याचा पुतण्या चालवायला बसला. त्याच्याजवळ लायसन्स होतं, पण फक्त मोटारसायकलचं. कापूस टाकून परत येताना गावचे तीन मजूर रिकाम्या ट्रॉलीत बसले. नाल्याच्या वळणावर ट्रॉली उलटली. एक जण जागीच गेला. ट्रॅक्टरचा विमा चालू होता. पण ट्रॉलीचा नव्हता, चालवणाऱ्याचं लायसन्स ट्रॅक्टरचं नव्हतं, आणि मजूर बसला होता तिथे माणूस बसवायची पॉलिसीत सोय नव्हती. भरपाई ठरली, कंपनी सुटली आणि रक्कम मालकाच्या अंगावर आली. एक रुपया भाडं न घेणाऱ्या त्या माणसाने तीन एकर विकले. तरी पुरले नाही. मेलेल्याची बायको अजून उरलेल्या पैशांची वाट पाहते. दोन घरं बुडाली, आणि ज्याने ट्रॅक्टर मागून नेला त्याचं गावात तोंड दाखवणं बंद झालं.

म्हणून कायदा काय म्हणतो ते शांतपणे समजून घेऊ.

पहिली गोष्ट. मोटारीचा विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नसतो. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याचं 146 वं कलम सांगतं की विम्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर कोणी चालवायची नाही आणि कोणाला चालवू द्यायची नाही. म्हणजे मागून नेणारा जितका बांधलेला आहे तितकाच चावी देणाराही. बिनविम्याची गाडी सापडली तर पहिल्या वेळी 2 हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड 4 हजार. "गाडी माझी नव्हती" हे उत्तर चालत नाही. याची चांगली बाजू अशी की विमा चालू असेल, मालकाने परवानगी दिली असेल आणि चालवणाऱ्याजवळ योग्य लायसन्स असेल, तर गाडी मालक चालवतो की शेजारी चालवतो याने फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट. अपघात झाला की चार ठिकाणी नुकसान होतं, आणि चारही ठिकाणचा हिशोब वेगळा असतो.

एक, रस्त्यावरचा माणूस. पायी चालणारा, सायकलवाला, समोरच्या बैलगाडीतला. यालाच थर्ड पार्टी म्हणतात, आणि सक्तीचा विमा मुख्यतः याच्यासाठी आहे. तो मेला किंवा जखमी झाला तर कोर्ट ठरवील तेवढी भरपाई कंपनीने द्यायची, तिला वरची मर्यादा नाही. त्याचा बैल मेला, गाडी मोडली, तर तो मालमत्तेचा भाग. त्याला सर्वसाधारण पॉलिसीत ट्रॅक्टर आणि मोटारीसाठी 7 लाख 50 हजारांची मर्यादा असते, दुचाकीसाठी 1 लाखाची. प्रीमियम थोडा कमी करण्यासाठी ही मर्यादा 6 हजारांवर आणलेली असू शकते. तुमच्या कागदावर कोणता आकडा आहे ते पाहा.

दोन, गाडी स्वतः. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर उलटलेल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला कंपनी पैसाही देणार नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. शेजाऱ्याच्या हातून ट्रॅक्टर मोडला आणि पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असली, तर दुरुस्तीचा खर्च दोन घरांत वाटून घ्यावा लागतो, आणि तिथेच भाऊबंदकी सुरू होते.

तीन, चालवणारा. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 2018 पासून मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा 15 लाखांचा केला आहे. पण शब्द नीट ऐका: मालक-चालक. गाडी ज्याच्या नावावर आहे आणि जो लायसन्स घेऊन स्वतः चालवतो, त्याच्यासाठी तो आहे. मागून नेणाऱ्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे 2009 साली एक प्रकरण निकाली निघालं. कर्नाटकात, आपल्या बायका ज्या गावाच्या लुगड्यांमुळे ओळखतात त्या इलकलहून, एक जण मागून आणलेल्या मोटारसायकलवर आपल्या गावी चालला होता. पुढे लोखंडी पत्रे घेऊन जाणारी बैलगाडी एकाएकी थांबली. तो धडकला आणि मेला. त्याच्या बायकोने चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणाऱ्या 163 अ कलमाखाली दावा केला. न्यायालय म्हणालं, मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःविरुद्ध या कलमाखाली भरपाई मागू शकत नाही. 2020 सालीही न्यायालयाने हेच धरलं. आता या कलमाच्या जागी दुसरी तरतूद आली आहे, पण धडा तोच आहे. दुसऱ्याची गाडी नेणाऱ्याने मेल्यावर आपल्या पोरांना काही मिळावं असं वाटत असेल, तर स्वतःचा अपघात विमा वेगळा काढावा. पगारावर ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठी पॉलिसीत वेगळी नोंद करून घ्यावी.

चार, ट्रॉलीत आणि मडगार्डवर बसलेली माणसं. ट्रॅक्टरला सीट एकच, ती चालवणाऱ्याची. मडगार्ड ही बसायची जागा नाही. ट्रॉली शेतमालासाठी आहे. वेचणीच्या बाया, निंदणाच्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, जत्रेचे लोक, सगळे आपण ट्रॉलीत भरतो. यातल्या कोणाचाही विमा त्या कागदात धरलेला नसतो. 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण पाहिलं. वीटभट्टीसाठी माती खणणारा मजूर ट्रॉलीवरून पडून चाकाखाली आला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, ट्रॉलीचा विमाच नव्हता. न्यायालयाने सांगितलं की कंपनी जबाबदार नाही. मजूर गरीब आहे म्हणून आपला खास अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. म्हणजे मजुराला मिळाले, पण गेले शेवटी मालकाच्याच घरातून. आणि असा खास अधिकार प्रत्येक वेळी वापरला जाईल असं धरून चालू नका.

आता लायसन्सबद्दल. ट्रॅक्टर चालवायचं लायसन्स असलेल्याने मागे ट्रॉली लावली म्हणून ते लायसन्स निकामी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 सालीच सांगितलं आहे. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवू शकतो, हे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला पक्कं केलं. म्हणून एजंट किंवा तपासनीस लायसन्सवरून उगाच घाबरवायला लागला तर घाबरू नका. पण मोटारसायकलच्या लायसन्सवर ट्रॅक्टर चालत नाही, आणि मुदत संपलेलं लायसन्स हे लायसन्स नव्हे. 2004 सालच्या निकालात न्यायालयाने मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली आहे. मालकाने पुरेशी काळजी घेतली होती असं दिसलं, तर केवळ चालवणाऱ्याच्या लायसन्सात दोष निघाला म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. म्हणून चावी देण्याआधी लायसन्स मागा, मुदत पाहा, एक झेरॉक्स घरी ठेवा. "काका, माझ्यावर विश्वास नाही का?" असं पोरगा म्हणेल. त्याला सांगा, विश्वास आहे म्हणून तर चावी देतो, कागद कोर्टासाठी आहे.

आणि अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात चावी देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते ती वेगळीच.

आता टोचनचं पाहू. रात्री कोणाची जीप बंद पडते, आपण ट्रॅक्टर काढतो आणि दोर बांधून ओढून आणतो. चांगलं काम आहे. मालवाहू वाहनांच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत याला जागा दिलेली असते, पण तीन अटींवर. ओढलेली गाडी एकच असावी आणि ती बंद पडलेलीच असावी. ओढण्याचा मोबदला घेतलेला नसावा. आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचं किंवा तिच्यातल्या मालाचं नुकसान झालं तर ते कंपनी देणार नाही. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचंच देईल. तुमच्या कागदात हे कलम आहे की नाही ते पाहून घ्या. रस्त्याच्या नियमांचं सांगणंही सरळ आहे. मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस हवा, दोर पाच मीटरपेक्षा लांब नको, तो दुसऱ्यांना दिसेल असा हवा, आणि वेग अगदी कमी हवा. अंधारात पांढरं फडकं बांधल्याशिवाय दोर रस्त्यावर काढूच नका. मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही, आणि सरळ गळ्यावर येतो.

विकलेल्या गाडीचंही ऐका. जुना ट्रॅक्टर सोयऱ्याला विकला, पैसे मोजून घेतले, पण आरटीओत नाव बदललं नाही. पुढे अपघात झाला तर कोर्ट नोंदीतल्या मालकालाच धरतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमच्या नावावर असलेला दुसऱ्याचा ट्रॅक्टर म्हणजे सातबाऱ्यावर न दिसणारा बोजा आहे.

आमची कंपन्यांवर आणि बँकांवरही तक्रार आहे. कर्जाबरोबर प्रीमियम कापून घेताना, ट्रॉली आहे का, ड्रायव्हर ठेवता का, दुसऱ्याला देता का, एवढं कोणी विचारत नाही. कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि तोही बँकेच्या कपाटात. पैसे घेताना शेतकरी अडाणी चालतो, दाव्याच्या वेळी मात्र त्याने प्रत्येक अट पाठ केलेली असावी लागते. पॉलिसीच्या मुख्य अटी मराठीत एका पानावर मिळाल्या पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरू. पण ती मान्य होईपर्यंत अपघात थांबणार नाहीत.

म्हणून घरी गेल्यावर कागद काढा. बँकेत असेल तर प्रत मागा, ती तुमच्या पैशाची आहे. पाच गोष्टी पाहा: मुदत कधी संपते, नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज, ट्रॉलीचा नंबर त्यात आहे का, "फक्त शेतीकामासाठी" असं लिहिलं आहे का, आणि भाड्याने द्यायला मनाई आहे का. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. ट्रॉली नसेल तर पुढच्या हप्त्याला लिहून घ्या. तिचा प्रीमियम तीन एकरांपेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

आणि अपघात झालाच तर पळू नका. जखमीला आधी दवाखान्यात न्या, पोलिसात नोंद करा, कंपनीला लगेच लेखी कळवा. जे घडलं तेच सांगा. भाडं घेतलं नसेल, फक्त डिझेल भरलं असेल, तर तसंच लिहून द्या. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत करायची अट 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात आली आहे. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद गेलेला आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तेरावं झालं की वकिलाकडे जा.

शेजाऱ्याला ट्रॅक्टर देऊ नका असं आम्ही म्हणत नाही. सावड मोडली तर कोरडवाहू गाव राहत नाही. द्या, जरूर द्या. पण चावीबरोबर कागदही पाहा, आणि ट्रॉलीत माणसं बसवू नका. वेचणीला जाणारी बाई संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली पाहिजे.